छोट्या मागावर पॉटहोल्डर विणायला बसण्यापूर्वीची तयारी

चौकोनी चौकट, तिच्या चारही बाजूंना खुंट्या, त्यांवर ताणून बसवायचे सुती लूप, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या गोल कड्या, आणि एक हुक, एवढ्या सामग्रीवर गरम भांडे धरण्याचा जो जाड चौकोन विणला जातो, त्याला इकडे अमेरिकेत पॉटहोल्डर म्हणतात. आपल्याकडे ओट्यावर जे काम घडी घातलेले फडके करते, तेच काम हा चौकोन करतो. आमच्या घरी गेली चार वर्षे डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा, मुलगी, सोलापूरहून आलेली त्यांची आजी आणि आम्ही दोघे असे सगळे मिळून हे विणकाम करतो. एक चौकोन विणायला नवख्या हाताला दीड-दोन तास लागतात. पण ते दोन तास सुरळीत जावेत म्हणून आदल्या दिवशी काय काय हाताशी ठेवावे लागते, हे आम्हाला पहिल्या दोन हिवाळ्यांतल्या चुकांनंतर कळले. तयारी अपुरी राहिली की लहान मूल मध्येच उठून जाते आणि अर्धवट विणलेला माग कपाटात पडून राहतो. म्हणून ही यादी.

सर्वांत आधी माग कोणत्या मापाचा आहे, ते पाहून घ्यावे. हे माग प्रामुख्याने दोन मापांत मिळतात. जुने, पारंपरिक माप सात इंचांचे असून त्याच्या प्रत्येक बाजूला 18 खुंट्या असतात. मोठे माप दहा इंचांचे असून त्याला प्रत्येक बाजूला 27 खुंट्या असतात. मागावरून उतरल्यावर वीण आकसते, त्यामुळे सात इंची मागावरचा चौकोन साधारण सहा इंचांचा होतो, तर दहा इंची मागावरचा आठ इंचांच्या आसपास. दोन्ही मागांचे लूप वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि ते एकमेकांना चालत नाहीत. लहान लूप मोठ्या मागावर पोहोचतच नाही आणि मोठा लूप लहान मागावर लोंबत राहतो. कढईचे दोन कान धरायला सहा इंचांची जोडी पुरते आणि हातात नीट बसते. लोखंडी तव्याचा लांब दांडा, ओव्हनमधील ट्रे, किंवा आडणीसारखे गरम पातेल्याखाली ठेवणे यांसाठी मोठा चौकोनच घ्यावा. मूल पहिल्यांदाच विणणार असेल तर लहान मागच द्यावा, कारण 18 ओळी त्याच्या चिकाटीत बसतात, 27 बसत नाहीत.

माग विकत मिळत नसेल, आणि महाराष्ट्रातील बहुतेक गावांत तो दुकानात मिळणार नाही, तर घरी करता येतो. चार सारख्या लाकडी पट्ट्यांची पक्की, कोपरे न हलणारी चौकट सुताराकडून जोडून घ्यावी. आलेखाच्या कागदाची पट्टी कापून तिच्यावर एक-एक सेंटिमीटरवर 18 खुणा कराव्यात, ती पट्टी चारही बाजूंवर चिकटवावी आणि प्रत्येक खुणेवर बिनटोपीचा खिळा ठोकावा. अगदी कोपऱ्यात खिळा ठोकू नये. कोपरा मोकळाच ठेवायचा असतो. खिळे किंचित बाहेरच्या बाजूला कलते असावेत, म्हणजे ताणलेला लूप निसटत नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंवरचे खिळे मात्र एका रेषेत हवेत. त्यात एका घराचा फरक पडला तरी सगळी वीण तिरकी होते आणि ती नंतर कशानेही सरळ होत नाही. ठोकून झाल्यावर खिळ्यांची डोकी कानशीने आणि लाकडाच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात आणि चौकटीवरून एकदा स्वतःचा तळहात फिरवून पाहावा.

आता लुपांविषयी, आणि येथे थोडे थांबणे भाग आहे, कारण सगळ्या यादीत हीच बाब चुकली तर हात भाजतो. लूप शंभर टक्के सुतीच हवेत. नायलॉन किंवा पॉलिस्टर उष्णतेने वितळते. पहिल्या वर्षी आम्ही रंग पाहून एक स्वस्त पिशवी आणली होती, तिच्यावर धाग्याचा उल्लेखच नव्हता. मुलीने तिच्यातून गुलाबी-जांभळा चौकोन विणला, मी कौतुकाने त्यानेच भाकरीचा तवा उचलला, आणि चौकोनाच्या मधोमध एक चकचकीत, कडक डाग उमटून तो तव्याच्या दांड्याला चिकटला. मला भाजले नाही ते केवळ वेळेवर हात सोडला म्हणून. मुलगी त्या दिवशी जेवली नाही. तेव्हापासून विणायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक रंगाच्या लुपाचा छोटा तुकडा घेऊन, मुले जवळ नसताना, मोरीशेजारी स्टीलच्या ताटलीत चिमट्याने धरून पेटवून पाहते. सुती धागा जळताना कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख उरते. कृत्रिम धागा आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी मागे राहतो. मणी राहिला की त्या रंगाचे सगळे लूप वेगळ्या डब्यात ठेवावेत. दरवाजाला टांगायच्या शोभेच्या चौकोनांसाठी ते वापरता येतील. स्वयंपाकघरात मात्र ते येता कामा नयेत.

मुळात हे लूप आले कुठून, हे मुलांना आदल्या रात्री सांगितले की त्यांचा हात अधिक आपुलकीने चालतो, असा माझा अनुभव आहे. अमेरिकेत मोजे विणणाऱ्या गिरण्यांत मोज्याचा भाग कापून जे विणलेले गोल तुकडे उरत, ते टाकून न देता विकले जाऊ लागले आणि 1930 च्या दशकात त्यांच्यासाठीचे छोटे माग घरोघर पोहोचले. न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅरिसव्हिल हे लाल विटांच्या जुन्या गिरण्यांचे गाव. तेथील चेशर मिल्स ही लोकरीची गिरणी 1970 मध्ये बंद पडली, आणि पुढच्याच वर्षी, 1971 मध्ये, तेथे हॅरिसव्हिल डिझाइन्स ही सूत आणि माग तयार करणारी संस्था उभी राहिली. आज पॉटहोल्डरचे चांगले माग आणि सुती लूप तेथून येतात. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या गावात वाढलेल्या आमच्या सासूबाईंना ही गोष्ट इतकी आवडली की गेल्या वर्षी आम्ही त्यांना ते गाव दाखवून आणले.

उरलेल्या तुकड्यांचीच ही कला असल्यामुळे घरातले जुने मोजे आणि टी-शर्ट यांचेही लूप करता येतात. सुती मोज्याचा घोट्यापासून वरचा सरळ भाग घ्यावा, टाचेचा वाकडा भाग आणि वरची इलॅस्टिकची पट्टी सोडून द्यावी, आणि आडवे, एक-एक इंच रुंदीचे गोल कापावेत. मोठ्या माणसाच्या एका लांब मोज्यातून सहा लूप सहज निघतात. म्हणजे 36 लुपांच्या एका चौकोनाला तीन जोड्या पुरतात. लहान मुलांच्या टी-शर्टच्या बाह्याही चालतात, पण बाही खांद्याकडे रुंद होत जाते, म्हणून दुमडीजवळचेच दोन-तीन गोल घ्यावेत. होजिअरीचे कापड असल्यामुळे कापलेला गोल दोन्ही हातांनी ताणला की त्याच्या कडा आपोआप आत वळतात आणि पट्टीची गुळगुळीत नळी होते. शिवणीची गरज पडत नाही आणि दसेही निघत नाहीत. हे मुलांना स्वतः करून पाहू द्यावे. शर्टाचे किंवा साडीचे कापड येथे उपयोगाचे नाही, कारण ते ताणले जात नाही. शाळेचे मोजे बहुधा मिश्र धाग्याचे असतात, तेव्हा वर सांगितलेली पारख त्यांनाही लावावी. कापलेला प्रत्येक लूप एकदा मागावर चढवून पाहावा: तो समोरच्या खुंटीपर्यंत ताणून पोहोचला पाहिजे, पण चौकट वाकवण्याइतका घट्ट नसावा आणि मधे झोळही पडू नये.

मोजणी आदल्या दिवशीच करून ठेवावी. लहान मागाला 18 उभे आणि 18 आडवे असे 36, तर मोठ्या मागाला 27 आणि 27 मिळून 54 लूप लागतात. त्यावर प्रत्येक रंगाचे दोन-दोन जास्तीचे ठेवावेत, कारण एखादा लूप ताणताना तुटतोच. प्रत्येक मुलासाठी वेगळी वाटी आणि वाटीत मोजून ठेवलेले लूप असले की रंगांवरून होणारी भांडणे निम्म्याने कमी होतात. सगळे उभे लूप एका रंगाचे आणि सगळे आडवे दुसऱ्या रंगाचे घेतले तर बुद्धिबळाच्या पटासारखी 324 घरांची नक्षी मिळते. थोड्या मोठ्या मुलांसाठी याहून गमतीची नक्षी म्हणजे ताण्यात, म्हणजे उभ्या लुपांत, एक गडद, एक फिका असे आलटून पालटून लूप लावणे आणि बाण्यातही, म्हणजे आडव्या लुपांतही, तोच क्रम ठेवणे. पहिला गडद आडवा लूप गडद उभ्यांच्या खालून आणि फिक्यांच्या वरून नेला, तर ती संपूर्ण ओळ गडद दिसते, पुढची फिकी, आणि आडवे पट्टे तयार होतात. बाण्याची सुरुवात फिक्या लुपाने केली की तेच पट्टे उभे होतात. आमच्या दहा वर्षांच्या मुलाने हे आधी चौकटीच्या वहीत रंगवून काढले आणि मगच हुक हातात घेतला. अशी वही आणि दोन रंगीत पेन्सिली तयारीत धराव्यात.

हुक मागाबरोबर येतोच, पण तो लहान हातांसाठी असतो आणि काठ बंद करताना अपुरा पडतो. म्हणून क्रोशाची एक जाड सुई शेजारी ठेवावी. ज्या घरात क्रोशाची तोरणे झाली आहेत तेथे ती निघेलच. टेबलावर ओलसर फडके पसरून त्यावर माग ठेवला की तो घसरत नाही. उजेड डावीकडून किंवा समोरून यावा, कारण गडद निळ्या लुपांत वर कोणता आणि खाली कोणता, हे संध्याकाळच्या दिव्यात मोठ्यांनाही कळत नाही. पहिल्या चौकोनासाठी म्हणूनच गडद रंग टाळलेले बरे. सहा वर्षांपुढचे मूल हे काम करू शकते; त्याहून धाकट्याला रंग निवडून हाती देण्याचे काम द्यावे.

विणण्यापूर्वी मोठ्यांनी दोन गोष्टी स्वतः करून पाहिलेल्या असाव्यात. खुंटीवर चढवलेला एक लूप म्हणजे दोन पदर असतात आणि विणताना ते दोन्ही मिळून एकच धरायचे असतात. मुलांचा हुक त्यांतला एकच पदर उचलतो आणि चूक चार ओळींनंतर दिसते. प्रत्येक ओळ पूर्ण झाली की बोटाने वरून खालपर्यंत चाचपण्याची सवय आम्ही लावली, तेव्हापासून उसवण्याची वेळ क्वचित आली. दुसरी गोष्ट शेवटच्या तीन-चार ओळींची. त्या इतक्या घट्ट होतात की मुलाच्या बोटांना जोर पुरत नाही, आणि नेमका तेथेच त्याचा उत्साह मावळतो. त्या ओळींच्या वेळी कोणीतरी शेजारी मोकळ्या हाताने बसलेले हवे, हे आधीच ठरवून ठेवावे. आमच्याकडे ते आजींचे काम आहे. त्या लूप ओढून देतात, पण खुंटीवर शेवटचे टोक मुलालाच लावू देतात.

काठ बंद करणे हा स्वतंत्र टप्पा समजावा आणि त्यासाठी अर्धा तास अखंड ठेवावा. जेवणाची पाने घेण्याच्या वेळी तो सुरू करू नये. कोपऱ्याजवळच्या खुंटीचा लूप सुईवर घ्यायचा, शेजारचा लूप घ्यायचा आणि दुसरा पहिल्यातून ओढून काढायचा, म्हणजे क्रोशाची साखळी चौकोनाच्या चारही बाजूंनी फिरत जाते. एका वेळी दोनच लूप खुंटीवरून काढावेत. सगळे एकदम उतरवले तर वीण डोळ्यांदेखत सुटते. ओढ चारही बाजूंना सारखी हवी, नाहीतर एक काठ चुणीदार होतो. सर्वांत शेवटी सुईवर जो एक लूप उरतो, तो गाठ मारून पक्का करावा. चौकोन टांगायचा तो त्यालाच.

वापरापूर्वी चौकोन एकदा गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवावा. सूत थोडे आटते, फुगते आणि विणीतली भोके बुजतात. ओल्या चौकोनाने गरम भांडे कधीही धरू नये, कारण ओल्या सुतातून उष्णता थेट हाताला पोहोचते. वाफेवर धरायचे असेल तर दोन चौकोन पाठीला पाठ लावून शिवून घ्यावेत. यासाठी जाड सुती दोरा आणि दाभण हाताशी असू द्यावे. आणि विणायला बसण्याच्या आधीच ओट्याशेजारी, पण शेगडीच्या ज्वाळेपासून दूर, मुलांचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर भिंतीत हुक ठोकून ठेवावेत, जितके विणणारे तितके.