स्तनांची सोनोग्राफी: करताना आणि करून घेताना या चुका टाळा

सोलापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत आता सोनोग्राफीच्या यंत्रांची वानवा राहिलेली नाही. तरीही स्तनांच्या सोनोग्राफीचे जे रिपोर्ट दुसऱ्या मतासाठी माझ्याकडे येतात, त्यांत त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. दोष यंत्राचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो घाईचा असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रुग्णाच्या हाताला लागणारी गाठ प्रोबखाली, म्हणजे अंगावर फिरवायच्या सोनोग्राफीच्या उपकरणाखाली, आली की नाही, याची खात्री न करताच ‘नॉर्मल’ असे लिहून मोकळे होणे. पूर्व भागातल्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या एक मावशी असाच रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. वय पंचेचाळिशीच्या पुढचे, उजव्या स्तनात काखेच्या बाजूला गाठ, आणि हातातल्या कागदावर ‘दोन्ही स्तन नॉर्मल’. त्या कागदावर विसंबून घरच्यांनी जवळजवळ पाच महिने काढले होते. मी त्यांना गाठ नेमकी कुठे लागते असे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “बसल्यावर लागती बघा डॉक्टर, आडवं झालं की हाताला गावतच नाही. तिथं कुणी विचारलंच नाही मला.” त्यांना बसवूनच त्यांच्या बोटाखालच्या जागेवर पेनाने खूण केली, मग उजव्या खांद्याखाली उशी सारून अंग थोडे डाव्या कुशीकडे कलते केले, उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावला आणि खुणेवर प्रोब ठेवला. घड्याळाच्या दहाच्या दिशेला, स्तनाग्रापासून बरीच लांब, काळसर, वेड्यावाकड्या कडांची, रुंदीपेक्षा उंची जास्त असलेली आणि मागे सावली टाकणारी गाठ पडद्यावर स्पष्ट दिसली. काखेतली एक लसिकाग्रंथीही सुजलेली होती. बायोप्सीत, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, कर्करोगाचे निदान झाले.

ही गाठ आधीच्या तपासणीत का सुटली असावी, हे समजायला फार मोठे ज्ञान लागत नाही. हात अंगालगत ठेवून सपाट उताणे झोपवले की स्तनाचा बाहेरचा भाग कुशीकडे ओघळतो, तिथली जाडी वाढते आणि काखेजवळचा कोपरा प्रोबच्या वाटेत येतच नाही. म्हणून माझी सवय ठरलेली आहे. जेल लावण्यापूर्वी मी स्वतः हात लावून पाहतो, रुग्णाला तिच्या बोटाने जागा दाखवायला सांगतो, प्रत्येक गाठ दोन काटकोनी दिशांत पाहतो आणि काख पाहिल्याशिवाय प्रोब खाली ठेवत नाही. रिपोर्टमध्ये घड्याळाची दिशा आणि स्तनाग्रापासूनचे अंतर सेंटिमीटरमध्ये लिहितो, म्हणजे पुढच्या डॉक्टरला तीच गाठ सापडते. नव्याने शिकणाऱ्या डॉक्टरांना हे सारे वेळखाऊ वाटते. ज्यांना दोन स्तन आणि दोन काखा पाहायला पाच मिनिटे पुरतात, त्यांनी ही तपासणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि हाताला संशयास्पद लागणारी गाठ सोनोग्राफी व मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) या दोन्हींत दिसली नाही, तरी तिचा पाठपुरावा शल्यचिकित्सकाने करायलाच हवा. गरज वाटल्यास बायोप्सीही.

दुसरी मोठी चूक रुग्ण आणि डॉक्टर मिळून करतात. मॅमोग्राफीत स्तन दाबला जातो, दुखते, क्ष-किरणांची भीती वाटते, म्हणून चाळिशी उलटलेल्या स्त्रिया ‘नुसती सोनोग्राफी करा’ असा आग्रह धरतात आणि तो मान्यही होतो. काही कर्करोगांची अगदी सुरुवातीची खूण म्हणजे कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते मॅमोग्राफीत ठळक दिसतात आणि सोनोग्राफीत सहज निसटतात. उलट स्तनाची घडण दाट असेल तर मॅमोग्राफीच्या पांढऱ्या छायेत गाठ लपते आणि तिथे सोनोग्राफी उपयोगी पडते. तिशीच्या आतल्या, गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या गाठीची तपासणी सोनोग्राफीपासूनच सुरू करावी. चाळिशीनंतर मात्र एकीच्या जागी दुसरी चालत नाही. त्या दाबाचा त्रास काही क्षणांचा असतो आणि किरणांची मात्रा अगदी अल्प असते, हे समजावून सांगायला जो डॉक्टर वेळ काढत नाही, तो रुग्णाच्या भीतीला खतपाणी घालतो.

यंत्राची बटणे फिरवण्यात हलगर्जीपणा केला की पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांत गल्लत होते. गेन, म्हणजे पडद्यावरच्या चित्राचा उजळपणा, फार वाढवला की पाण्याच्या गाठीत खोटे ठिपके दिसू लागतात. फार कमी केला की भरीव गाठही पाण्याची वाटते. गेन आसपासच्या चरबीवरून जुळवावा आणि फोकस गाठीच्या खोलीवर आणावा. पोटाचा प्रोब स्तनासाठी वापरणे तर अक्षम्यच आहे. इथे उच्च वारंवारतेचा सरळ प्रोबच हवा.

बायरॅड्सच्या, म्हणजे कर्करोगाचा संशय किती हे सांगण्यासाठी रिपोर्टमध्ये लिहिल्या जाणाऱ्या श्रेणीच्या, आकड्यांनीही मोठा घोळ होतो. हे आकडे कर्करोगाचे टप्पे नव्हेत. 2 म्हणजे निर्धोक, आणि तो आकडा पाहून रडू कोसळलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. 0 म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी काही करायचे बाकी आहे. पण तो पाहून लोक निर्धास्त घरी जातात. 3 मध्ये कर्करोगाची शक्यता 2 टक्क्यांहून कमी असते, तरी सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरलेली असते. 4 किंवा 5 आल्यावर ‘थोडे दिवस बघू’ म्हणणे आणि मधल्या काळात लेप लावत बसणे धोक्याचे आहे. सुईने तपासल्यास कर्करोग पसरतो हा समजही खोटा आहे.

काही बारीक गोष्टी. या तपासणीला उपाशीपोटी येण्याची किंवा लघवी रोखून धरण्याची गरज नसते; अक्कलकोट, मंगळवेढ्याहून पहाटे निघालेल्या बायकांना कुणीतरी पोटाच्या सोनोग्राफीच्या सूचना देऊन उपाशी पाठवलेले असते, ते थांबायला हवे. अंगावर पाजणाऱ्या आईने दूध तोडू नये. तपासणीआधी बाळाला पाजून घ्यावे. जुने रिपोर्ट आणि फिल्म बरोबर आणाव्यात, कारण गाठ वाढली की तेवढीच राहिली हे त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. पुरुषाच्या छातीत गाठ आली तर तीही दाखवावी.