गिझर दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा? आधी गळती कुठून आहे ते शोधा

गिझर बिघडला की सल्ला ठरलेलाच असतो, "पाच वर्षं झाली ना, मग टाका बदलून." मला हे अजिबात पटत नाही. वयावरून काही ठरत नाही, टाकीवरून ठरतं. टाकी धड असेल तर बाकी सगळं, म्हणजे एलिमेंट (पाणी तापवणारी कॉइल), थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा), कटआउट (जास्त तापलं तर वीज तोडणारा), गॅस्केट (सांध्यातलं रबरी सील), व्हॉल्व्ह, सुटं मिळतं आणि बदलता येतं. टाकीच गेली असेल तर त्यावर एक रुपयाही घालू नका. मी बोलतोय ते भिंतीवरच्या १५-२५ लिटरच्या स्टोरेज गिझरबद्दल, गॅस गिझरचं गणित वेगळं.

पाणी अजिबात तापत नाही? थर्मोस्टॅट, कटआउट नाहीतर एलिमेंट. दुरुस्त करा.

उशिरा तापतं? २००० वॉटचा १५ लिटरचा गिझर २५ अंशांचं पाणी साधारण १८-२० मिनिटांत ६० अंशांवर नेतो. अर्धा तास लागत असेल तर आधी व्होल्टेज बघा, २३० ऐवजी १८० मिळत असेल तर पॉवर जवळजवळ ४० टक्के पडते आणि त्यात गिझरचा काही दोष नसतो.

चालू केला की आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो? बहुतेक वेळा एलिमेंटचं वरचं आवरण फुटलेलं असतं. एलिमेंट बदला. पण आरसीसीबी बायपास करून "तात्पुरतं चालवा" म्हणणाऱ्याला घरात परत घेऊ नका, माणूस जातो त्यात.

आता गळती. मलाही सुरुवातीला हेच सगळ्यात अवघड गेलं, कारण पाणी गळतं एकीकडून आणि टपकतं दुसरीकडून, वरच्या नटमधून आलेला थेंब पाइपवरून ओघळत खाली येतो आणि बघणारा म्हणतो टाकी फुटली. म्हणून घाई करू नका. एमसीबी (बोर्डातला गिझरचा ब्रेकर) बंद, पाणी गार होऊ द्या, मग खालचं कव्हर काढा. सगळं कोरडं पुसा, इनलेट (गार पाणी आत येतं तो पाइप), आउटलेट (गरम पाणी बाहेर जातं तो), फ्लँज (एलिमेंट बसवलेली प्लेट) आणि सेफ्टी व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) प्रत्येकाला वेगळा टिश्यू पेपर गुंडाळा, गरम पाण्याचे नळ बंद ठेवून इनलेटचा कॉक उघडा आणि तासभर थांबा. कुठला कागद आधी भिजतो ते बघा. काही गळत्या फक्त तापल्यावरच दिसतात, तेव्हा कागद काढून कव्हर परत लावा, पाणी तापवा, एमसीबी बंद करा आणि मगच उघडून टॉर्चने बघा. कव्हर उघडं असताना वीज चालू करायची नाही, कितीही घाई असली तरी.

नटपाशी ओल असेल तर टेफ्लॉन टेप, फ्लँजपाशी असेल तर गॅस्केट. तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब येत असतील तर तो बिघाड नाहीच, १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की जवळपास २०० मिली फुगतं आणि ते कुठेतरी जायलाच हवं. त्या व्हॉल्व्हचं तोंड कधीही बंद करू नका! गिझर बंद असतानाही सतत गळत असेल तर व्हॉल्व्हमध्ये क्षार अडकलाय किंवा गच्चीवरच्या प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे.

पण सगळे कागद कोरडे आणि टाकीभोवतीच्या फोममधून पाणी झिरपतंय, तर टाकीला भोक पडलंय. मग नवीनच घ्या. काचेचा थर असलेल्या टाकीला वेल्डिंग केलं तर तो थर आतून जळतो आणि तिथूनच परत गंजते, एमसील तर दाबाखाली टिकतच नाही. गरम पाणी तांबूस येतंय पण गार नळाचं स्वच्छ आहे, तर ही टाकी जायच्या वाटेवर आहे, तिच्यात नवीन एलिमेंट बसवून पैसे घालवू नका.

पैसे देण्याआधी वॉरंटी कार्ड मात्र काढा, टाकीची वॉरंटी बऱ्याचदा वेगळी आणि जास्त असते, ५-७ वर्षं, आणि एक्सचेंज ऑफर सांगणारा माणूस ते आपणहून सांगत नाही.

नवीन घेताना उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असेल तर ८ बार दाब सोसणाराच घ्या. आणि बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असेल तर मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड वर्षातून एकदा काढून बघायला लावा, टाकीऐवजी तो स्वतः झिजतो, संपला की टाकीचा नंबर लागतो. सर्व्हिसिंगला आलेला माणूस तो न काढताच "ओके आहे" म्हणतो, तुम्ही समोर उभं राहून काढायला लावा.