हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात पडला की लोक आधी जाड ठशातला शब्द शोधतात. लॅबच्या काउंटरवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो, हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टमध्ये हीच सवय सगळ्यात जास्त नडते.

'पॉझिटिव्ह' आहे, पण काय पॉझिटिव्ह आहे? एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या आवरणाचं प्रथिन. ते सापडलं तर विषाणू अंगात आहे असं धरून पुढची तपासणी करायची. अँटी-एचबीएस ही त्याच प्रथिनाविरुद्ध शरीराने बनवलेली अँटीबॉडी, ती असणं चांगलंच. नर्सिंग शिकणारी एक मुलगी रडतच काउंटरवर आली होती. कागदावर 'रिअॅक्टिव्ह' (म्हणजे पॉझिटिव्ह), पुढे 240, आणि शेजारच्या रकान्यात '10 पेक्षा कमी : नॉन-रिअॅक्टिव्ह'. म्हणजे आजार चोवीस पट, असा हिशोब तिने रात्रीतून मांडलेला. घरात ताट-वाटीही वेगळी केलेली. (हा आजार ताटवाटीने पसरत नाही, पण ते ऐकतो कोण!) चाचणी होती अँटी-एचबीएसची, आणि तिचे लशीचे तिन्ही डोस झाले होते. 10च्या वरचा आकडा म्हणजे लस लागू पडली, बस. तेव्हापासून मी रिपोर्ट देताना 'अँटी'भोवती पेनाने गोल काढून देतो.

दुसरी चूक घाईवाल्यांची. एकटं एचबीएसएजी करायचं, निगेटिव्ह आलं की सुटलो म्हणायचं. संसर्गानंतर ते रक्तात दिसायला काही आठवडे जाऊ शकतात. शिवाय बरं होताना मध्येच असा काळ येतो, की एचबीएसएजी गेलेलं असतं आणि अँटी-एचबीएस अजून उगवलेली नसते. तेव्हा अँटी-एचबीसीच (विषाणूच्या गाभ्याविरुद्धची अँटीबॉडी), त्यातही आयजीएम प्रकारची (ताज्या संसर्गात येणारी), काय ते सांगते. ही अँटी-एचबीसी लशीने येत नाही, कारण लशीत विषाणूचा गाभा नसतोच. ती खरी पॉझिटिव्ह असेल तर विषाणूशी कधीतरी गाठ पडलेली आहे. केमोथेरपी सुरू होणार असेल तर हे डॉक्टरांच्या कानावर घालाच, दबलेला विषाणू अशा वेळी डोकं वर काढू शकतो. पैसे वाचवायला म्हणून तीनातल्या दोन चाचण्या गाळणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, पण मला ते पटत नाही.

लस घेतल्या घेतल्या एचबीएसएजी करू नका. लशीतलंच प्रथिन साधारण 18 दिवसांपर्यंत चाचणीत उमटू शकतं. लस लागली का ते बघायचं, तर शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस करा.

एसजीपीटी (यकृताची रक्तचाचणी) नॉर्मल आहे म्हणून एचबीएसएजी पॉझिटिव्हकडे काणाडोळा करणं हा शुद्ध वेडेपणा.

दर आठवड्याला 'गेलं का' म्हणून परत रक्त देऊ नका. आजार जुनाट झाला का, हे एचबीएसएजी सहा महिन्यांहून जास्त टिकलं तर ठरतं.

आणि डॉक्टरांकडे जाताना मूळ कागद न्या, लशीच्या तारखांसकट. मोबाइलमधल्या फोटोत नेमका चाचणीच्या नावाचा रकानाच कापलेला असतो.