आंब्याच्या सावलीत माती झाकायला काय लावावं?

जुन्या आंब्याखाली लॉन टिकत नाही. नेचे, कॅलेथिया, अँथुरियम लावले तरी मधली माती उघडीच राहते आणि पावसात चिखल उडून पानं बरबटतात. ती झाकायला बुटकी, पसरणारी झाडं हवीत. मात्र नर्सरीत जाण्याआधी शेजारी कोणती झाडं आहेत ते बघा.

सावली ओळखा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता जागा पाहा. उन्हाचे कवडसे पडत असतील तर क्लोरोफायटम (स्पायडर प्लांट), मंडूकपर्णी, जांभळट पानांचं हेमिग्राफिस चालतील. कवडसाही नसेल तर ऑफिओपोगॉन, म्हणजे मोंडो ग्रास. ते फार हळू वाढतं, पण धीर धरण्यासारखं आहे.

माती उकरा. खुरप्याने वीतभर खोल जा. मुळांची जाळी लागली तर तिथलं पाणी आंबाच पिणार. अशा जागी मंडूकपर्णी माना टाकते. क्लोरोफायटमच्या जाड, पांढऱ्या मुळांत पाणी साठतं, म्हणून ते तगतं. आंब्याची जाड मुळं तोडू नका आणि बुंध्याला मातीची भर घालू नका, साल कुजते.

नर्सरीत मंडूकपर्णीला पुष्कळदा ब्राह्मीच म्हणतात. गोलसर, कातरलेल्या कडेचं पान असेल तर तीच घ्या. लहान, मांसल, लांबट पानांची जलब्राह्मी निराळी, तिला ऊन आणि ओल दोन्ही लागतं.

पसरण्याचा वेग जुळवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. जांभळ्या पट्ट्यांच्या ट्रॅडस्कँशियाची एक फांदी उचलून बघा, मातीला टेकलेल्या पेरापेराला मुळं फुटलेली दिसतील. लांब, रंगीत पानांच्या गुडघाभर कॉर्डिलाइनच्या पायाशी ती शोभते, पण कोवळ्या नेच्याशेजारी लावली तर पावसाळाभरात त्याला गिळते. नेच्याला ओल आवडते, त्याच्याजवळ मंडूकपर्णीच बरी. मनी प्लांट बुंध्यापासून लांब ठेवा, आधार मिळाला की तो वर चढतो आणि जमीन पुन्हा उघडी पडते. पिवळ्या फुलांचं वेडेलिया स्वस्त मिळतं, तरी मी ते घ्या म्हणणार नाही. एकदा पसरलं की आवरत नाही.

लावणी. मृगाच्या सरी नीट सुरू झाल्या की वीत-वीत अंतरावर रोपं लावा, मधे बोटभर जाडीचं कंपोस्ट पसरा. पहिलं वर्षभर आंब्याची गळलेली पानं हातानेच वेचा. खराट्यात अडकून नुकती रुजलेली पेरं उपटून येतात. वेचलेली पानं कॉर्डिलाइनच्या मुळाशी घाला.