‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे’ असं केसपेपरवर लिहून घेताना या चुका टाळा

केसपेपरच्या कोपऱ्यात लाल पेनाने ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ एकदा लिहिलं गेलं की ते सहसा खोडलं जात नाही. फॅमिली डॉक्टर बदलतात, बिऱ्हाड परळहून डोंबिवलीला जातं, तरी ती नोंद सोबत येते. परदेशात अशा रुग्णांची रीतसर तपासणी केली, तेव्हा दहातल्या नऊ जणांना पेनिसिलिन व्यवस्थित चालतं असं वारंवार आढळलं. मग एवढ्या चुकीच्या नोंदी होतात कशा?

साइड इफेक्टला अ‍ॅलर्जी म्हणणं

अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडच्या गोळीने (अ‍ॅमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातलं) जुलाब होतात, त्यात क्लॅव्युलॅनिक अ‍ॅसिडचा वाटा मोठा. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आल्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्ग) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी देतात. ती उपाशीपोटी, घोटभर पाण्याबरोबर घेतली की मळमळ नाहीतर छातीत जळजळ व्हायचीच. काही खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नये. यातलं काहीच अ‍ॅलर्जी नाही. खाजणाऱ्या गांधी, ओठ-पापण्या सुजणं, घसा आवळणं, धाप लागणं, बीपी पडणं, आणि तेही बहुधा औषध घेतल्यापासून तासाभरात, असं झालं तर मात्र अ‍ॅलर्जीचा संशय धरायचा. आईला अ‍ॅलर्जी आहे म्हणून मुलानेही पेनिसिलिन टाळायचं, याला आधार नाही.

तापातल्या पुरळाचं खापर गोळीवर

तापाच्या दुसऱ्या दिवशी अ‍ॅमॉक्सिसिलिन सुरू होतं, पाचव्या दिवशी अंगभर लाली येते आणि गोळी बदनाम होते. ताप डेंगीचा असेल तर ती लाली डेंगीचीच असू शकते (आणि डेंगीला अँटिबायोटिक लागतच नाही). लहान मुलांच्या व्हायरल तापातही असंच होतं. शिवाय सोबत पेनकिलर असेल तर गांधी त्यानेही उठतात. दवाखान्यातून पुडीत सुट्या गोळ्या मिळाल्या असतील तर कुठल्या गोळीने काय झालं हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून पुडीवर नावं लिहून मागा.

पुरळ आलं की मोबाइलवर दोन फोटो काढा, एक अंगाचा आणि एक स्ट्रिपचा. केसपेपरवर नुसतं ‘रिअ‍ॅक्शन’ नको. कुठलं औषध, कितवा डोस, किती वेळाने त्रास झाला, नेमकं काय झालं, कशाने आणि कधी बरं वाटलं, सोबत आणखी काय चालू होतं, एवढं लिहून घ्या.

टेस्ट डोसवर विसंबणं

सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनसारख्या अँटिबायोटिक इंजेक्शनआधी तेच औषध कातडीत थोडंसं टोचून वाट बघायची पद्धत आपल्याकडे अजून चालते. पण औषध पुरेसं पातळ केलेलं नसेल तर नुसत्या चुरचुरीनेही कातडी लाल होते आणि एक खोटी नोंद वाढते. उलट, काही उठलं नाही म्हणून धोका टळला असंही नाही. खऱ्या स्किन टेस्टमध्ये ठरलेल्या प्रमाणात पातळ केलेलं औषध वापरतात, तुलनेसाठी बाजूला सलाइन (ज्याने काही उठत नाही) आणि हिस्टामिनही (ज्याने गांध उठते) टोचतात.

‘लिहिलेलं असलेलं बरं’ असं समजणं

आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ऑपरेशनआधी जंतुसंसर्ग टाळायला सहसा सेफाझोलिन हे सेफॅलोस्पोरिन गटातलं, पेनिसिलिनच्या दूरच्या नात्यातलं अँटिबायोटिक देतात. नोंद पाहून ते टाळलं आणि दुसरं औषध दिलं की जखमेत पू होण्याचं प्रमाण वाढतं. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांपैकी दहा टक्क्यांना सेफॅलोस्पोरिन चालत नाही, हा आकडा जुना झाला. आता तो साधारण दोन टक्के धरतात, आणि सेफाझोलिनची रेणूरचना तर पेनिसिलिनपेक्षा बरीच वेगळी आहे. सेफॅलेक्सिन, सेफॅड्रॉक्सिल मात्र अ‍ॅमॉक्सिसिलिनच्या जवळची आहेत. तिथे डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

मुंबईत टीबीची भर आहेच. न्यूमोनिया समजून, पण या नोंदीमुळे अ‍ॅमॉक्सिसिलिनऐवजी लिव्होफ्लॉक्सासिन (टीबीच्या जंतूंवरही चालणारं अँटिबायोटिक) दिलं आणि आजार मुळात टीबीचा असला, तर खोकला थोडा उतरतो, थुंकीतले जंतू दबतात आणि निदान लांबतं. तोवर लोकलच्या डब्यात तो पसरत राहतो. हेच लिव्होफ्लॉक्सासिन एमडीआर (नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या) टीबीच्या उपचारात लागतं. ते आधीच बोथट झालं तर पुढे हातात फारसं उरत नाही. गरोदरपणात सिफिलिस झाला तर बाळाला वाचवण्यासाठी पेनिसिलिनला तोडीचा पर्याय नाही. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचंच इंजेक्शन लागतं.

घरीच ‘एक गोळी घेऊन बघू’

हे कधीही करू नका. शहानिशा अ‍ॅलर्जीतज्ज्ञाकडे किंवा हॉस्पिटलमध्येच व्हावी. त्रास होऊन पाच वर्षांहून जास्त काळ लोटला असेल, तोही सौम्य असेल आणि उपचारही लागले नसतील, तर धोका कमी समजतात. अशा वेळी देखरेखीखाली अ‍ॅमॉक्सिसिलिनचा एक डोस तोंडाने देऊन निदान तासभर बसवून ठेवतात, अ‍ॅड्रेनालिन (गंभीर रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन) हाताशी ठेवूनच. खरी अ‍ॅलर्जीसुद्धा दहा वर्षांत बहुतेकांची ओसरते. पूर्वी कातडी सोलली असेल, तोंडात-डोळ्यांत फोड आले असतील, किंवा औषधाने लिव्हर-किडनीला इजा झाली असेल, तर ही चाचणी करतच नाहीत.

चाचणीआधी सेटिरिझिनसारखी अ‍ॅलर्जीवरची गोळी किती दिवस बंद ठेवायची ते विचारून घ्या, नाहीतर निकाल फसवा येतो. ‘अ‍ॅलर्जी नाही’ असं ठरलं की तसं लेखी घ्या आणि फॅमिली डॉक्टर, जुनी हॉस्पिटल फाइल, विमा-कागद, शाळेचं हेल्थ कार्ड, सगळीकडची नोंद खोडून घ्या; एक जरी राहिली तरी पुढच्या ॲडमिशनला तीच उतरवली जाते. आणि खरी रिअ‍ॅक्शन आली तर ती रुग्ण स्वतःही १८००-१८०-३०२४ या औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी टोल-फ्री नंबरवर कळवू शकतो. फोन करताना स्ट्रिप हाताशी ठेवा.