किट विमान घेताय? खान्देशात राहून या चुका टाळा

“भो, हाई कितलं पळस?” म्हणजे हे किती वेगात पळतं? किट विमानाचं, म्हणजे सुट्या भागांचा संच घेऊन स्वतः जोडायच्या विमानाचं, माहितीपत्रक घेऊन येणारा माणूस चाळीसगावचा असो की शहाद्याचा, पहिला प्रश्न हाच. किती जागेत उतरतं, शेडच्या दारातून पंख बाहेर निघेल का, इंजिनाला कोणतं पेट्रोल चालतं, हे कुणी विचारत नाही. विमानाच्या पत्र्याच्या कामात माझं आयुष्य गेलं आणि लोकांची अर्धवट पडलेली विमानंही पुष्कळ पाहिली. त्यातली बहुतेक निवडतानाच हुकली होती. मालक पुढची कित्येक वर्षं ती हूक निस्तरत बसला होता. त्याच त्याच चुका बघून आता जीव थकतो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

वेगाच्या आकड्यावर भाळणं

ज्याला रोज शेकडो मैल कापायचे आहेत त्याने वेग बघावा. तुम्ही रविवारी सकाळी तापीच्या कडेकडेने जाऊन नाश्त्याला घरी येणार. तुमच्या कामाचे आकडे दोनच आहेत. विमान किती कमी वेगात हवेत तग धरतं हा एक, आणि दोन माणसं नि पेट्रोल घेतल्यावर उचलायची किती ताकद उरते हा दुसरा.

माहितीपत्रकातले आकडे समुद्रसपाटीवरचे आणि १५ अंश तापमानाचे धरलेले असतात. आपल्याकडे १५ अंश म्हणजे जानेवारीतली पहाट. जळगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ८४० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४३ वर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या लेखी तीच धावपट्टी जवळजवळ ४,४०० फुटांवर जाते. म्हणजे महाबळेश्वराच्या उंचीवर. हिशेब तोंडी होतो: त्या उंचीवर प्रमाण तापमान जितकं धरतात त्याच्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट मिळवायचे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना तीनेक टक्के ताकद गमावतं. शंभर अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ इंजिन मग ८७-८८ च देतं. त्यात पंखाला उचल कमी आणि प्रोपेलरला पकड कमी. आखूड पंखांचं, वेगासाठी घडवलेलं विमान अशा दुपारी नुसतं धावत राहतं.

त्यावर पुन्हा अर्ध्या लोकांना शेतातच पट्टी करायची असते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिल्या पावसात पायाला धरून बसते. चाकांवर वेगासाठीची गुळगुळीत आवरणं लावून ओल्या पट्टीवर गेलात तर माती आत ठासते आणि चाक फिरायचं थांबतं. अशा जागेसाठी क्रिस हाइन्झ यांनी आखलेलं झेनिथ सीएच ७०१ हे विमान किंवा त्याचं थोरलं भावंड सीएच ७५० बघा. जाड पंख, पंखाच्या पुढच्या कडेला कायमची फट, मोठी चाकं. ताशी १३० किलोमीटरच्या आसपास जातं, दिसायला देखणं नाही, म्हणून पोरं नाक मुरडतात. पण उतरायला जागा थोडी लागते, आणि इंजिन बंद पडलं तर केळीच्या बागेशेजारच्या रिकाम्या वावरात ते टेकवता येतं. मला हे देखणेपणापेक्षा फार मोठं वाटतं.

मी स्वतः माहितीपत्रकातल्या धावण्याच्या अंतरात निम्मं आणखी मिळवतो. ३०० मीटर लिहिलं असेल तर ४५०. पट्टीच्या टोकाला बाभूळ किंवा विजेची तार असेल तर ती जागा माझ्यासाठी बाद. ज्यांना हे आकडे पटत नाहीत त्यांनी एप्रिलमध्ये धुळ्याच्या धावपट्टीच्या कुंपणाबाहेर एक सकाळ आणि एक दुपार उभं राहावं आणि तेच शिकाऊ विमान दोन्ही वेळा कुठे जमीन सोडतं ते खूण धरून बघावं.

पत्र्याच्या शेडमध्ये फायबरचं विमान

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते. विमानांचे आराखडे करणारे बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या फायबरच्या विमानाचा फोटो बघितला की माणूस हरखतो, आणि त्यात नवल नाही. मागे इंजिन, पुढे छोटा पंख, कमी इंधनात लांबचा पल्ला. साचा लागत नाही. फोम तापलेल्या तारेने कापायचा, त्यावर ग्लास कापड अंथरायचं आणि इपॉक्सी चोपडायची. कॅलिफोर्नियात बसून हे सुंदर होतं. भुसावळला मे महिन्यात होत नाही.

रावेरकडचे एक आबा, केळीचे मोठे बागायतदार, हातात कसब असलेला माणूस. त्यांनी याच घराण्यातलं एक विमान अर्धवट अवस्थेत विकत घेतलं. आधीच्याने कंटाळून सोडलेलं, म्हणून स्वस्त मिळालं. पॅकिंग हाऊसशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये काम मांडलं. मला बोलावलं तेव्हा एप्रिल सरत आला होता आणि भिंतीवरचं तापमापक ४१ दाखवत होतं. आबांनी मोठ्या मगात इपॉक्सीचे दोन भाग, रेझिन आणि हार्डनर, एकत्र घोटले. कापडाची पहिली पट्टी भिजवेपर्यंत तो मग हाताला चटका देऊ लागला, नंतर पिवळट झाला आणि त्यातून धूर निघाला. आबा खूश. म्हणाले, “लवकर वाळतंय, चांगलंच आहे ना?”

“आबा, हे वाळत नाहीये, जळतंय.”

इपॉक्सी घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडते. खोल भांड्यात ती उष्णता कोंडते, त्याने क्रिया आणखी वेगाने होते आणि काही मिनिटांत सगळा घाण खडा होतो. कापड पुरतं भिजण्याआधीच रेझिन आवळतं आणि आत पांढरट कोरडे डाग राहतात. मी खिशातलं नाणं काढून त्यांच्या पूर्ण झालेल्या भागावर टकटक करत गेलो. चांगल्या जागी टणटणीत आवाज, मध्येच बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे कापड फोमला चिकटलेलंच नव्हतं. तेवढं सोलून पुन्हा करता आलं असतं.

पुढचं मात्र दुरुस्त होण्यासारखं नव्हतं. तयार झालेला पंख त्यांनी दोन लाकडी घोड्यांवर आडवा ठेवून दिला आणि लग्नसराईत तिकडे फिरकले नाहीत. खोलीच्या तापमानाला घट्ट होणारी इपॉक्सी नीट भाजून पक्की केली नसेल तर साठ-सत्तर अंशांना मऊ पडू लागते. मे महिन्यात उन्हाने तापलेल्या पत्र्याखाली, त्यात आबांनी पंखाला हौसेने लावलेला गडद निळा रंग. पंख आपल्याच वजनाने वाकला आणि पिळला. लेव्हल चार ठिकाणी लावून बघितली, चारही ठिकाणी वेगळं माप. पिळलेला पंख एका बाजूला विमान ओढत राहतो आणि वेग कमी होताच आधी तोच दगा देतो. तो सरळ करायचा उपाय नाही. आबांनी करवत मागवली आणि दोन्ही पंख कापून टाकले. त्यांच्या एवढ्या मेहनतीचा तो शेवट बघणं मला फार जड गेलं.

फायबरच करायचं असेल तर बंद खोली आणि एसी हवा, हार्डनर मंद प्रकारचा हवा, आणि मुख्य थर दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीच्या आत उरकायला हवेत. रेझिन एका वेळी शंभर ग्रॅमच्या वर मी घोटत नाही, तेही पसरट डब्यात. रंग पांढराच, लाँग-ईझीसारखी विमानं जगभर पांढरी दिसतात ती याच कारणाने. एवढं जमत नसेल तर ॲल्युमिनियम घ्या. ते आपल्या उन्हाला भीत नाही.

हाताला विचारल्याशिवाय धातूचं किट घेणं

व्हॅन्स या किट कंपनीची आरव्ही-७, आरव्ही-८ ही विमानं जगात हजारोंनी उडतात आणि ती उत्तमच आहेत. पण त्यांना ठोकायचे भरीव रिव्हेट लागतात. एका बाजूला रिव्हेट गन, दुसऱ्या बाजूला बकिंग बार, म्हणजे मागून टेकवायचा जड ठोकळा, धरलेला जोडीदार. हा जोडीदार दर शनिवारी येणार आहे का? वर्षभर? एकट्याने काम करणाऱ्याला आरव्ही-१२ किंवा झेनिथ बरं, कारण त्यांत बहुतेक ठिकाणी ओढायचे रिव्हेट आहेत, एका बाजूने एकटा माणूस लावतो.

माझ्याकडे येणाऱ्याला मी चर्चेआधी पत्र्याच्या दोन पट्ट्या आणि मूठभर रिव्हेट देतो. भोकं पाडायची, प्रत्येक भोकाची कड साफ करायची, मग ठोकायचं. ठोकल्यावर रिव्हेटचं मागचं डोकं मूळ जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच व्हायला हवं. ज्याला कड साफ करायचा कंटाळा येतो त्याला मी सरळ सांगतो की विमान बांधू नका. त्या न साफ केलेल्या कडेतूनच पुढे चीर जाते. व्हिडिओ बघून आलेली पोरं विचारतात, “काका, हे सगळ्या भोकांना करायचं?” हो, सगळ्या. आणि बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानातले पॉप रिव्हेट विमानाला कधीच लावू नका. कंपनीने दिलेलेच, मोजून, संपले तर पुन्हा मागवून.

थोडक्यात सांगण्यासारख्या

चार सीटचं विमान घेऊ नका. तुम्ही बहुतेक वेळा एकटेच उडणार आहात आणि चौपट काम करून बसाल.

शेडमध्ये किंवा वरच्या मजल्यावर काम सुरू करण्याआधी फरशीवर खडूने पंख आणि सांगाडा मूळ मापात आखा, मग दार आणि जिना मोजा. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं, पण ती हिंमत आणि तो खर्च प्रत्येकाचा नसतो. त्यांचंच उदाहरण परवानगीसाठीही ध्यानात ठेवा. २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते विमान पाहिलं, नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि चाचणी-उड्डाण २०२० मध्ये आपल्या धुळ्याला झालं. डीजीसीएचं, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याचं, लेखी उत्तर हातात येईपर्यंत किटचे पैसे पाठवू नका.

पूर्ण किट एकदम घेऊ नका. आधी शेपटीचा संच घ्या, तो पूर्ण करा, मग पंखाचा. सत्तरच्या दशकात बीडी-५ या किट विमानासाठी हजारोंनी पैसे भरले आणि इंजिनच मिळेना. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅन्ससारख्या कंपनीनेही दिवाळखोरीचं संरक्षण मागितलं. ती सावरली, पण जुन्या ग्राहकांना वाढीव किंमत मोजावी लागली.

आराखड्यात बदल करू नका. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये ज्या लाँग-ईझीच्या अपघातात गेले, त्या विमानात बांधणाऱ्याने इंधनाचा व्हॉल्व्ह मूळ जागेवरून हलवून वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता.

पेट्रोलचा विचार शेवटी करणं

“रोटॅक्स साध्या पेट्रोलवर चालतं” हे वाक्य ऐकून लोक इंजिन ठरवतात. त्यातलं साधं पेट्रोल आता आपल्या पंपावर मिळत नाही. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल आहे आणि रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंतचीच मुभा आहे. इथेनॉल पाणी ओढतं, रबरी नळ्या आणि काही टाक्यांचं सीलंट खातं. खात्री करायची तर उभ्या मोजपात्रात थोडं पाणी घ्या, रेषेवर खूण करा, वर पेट्रोल ओतून हलवा आणि स्थिर होऊ द्या. पाण्याची पातळी खुणेच्या वर चढली तर तेवढं इथेनॉल आहे.

दुसरा पर्याय एव्हगॅस, म्हणजे विमानांचं खास पेट्रोल. इंडियन ऑइल २०२२ पासून ते वडोदऱ्याला बनवतं, म्हणजे आपल्यापासून फार लांब नाही, पण पिंपाच्या हिशेबाने आणणं, साठवणं आणि त्याची कागदपत्रं हा सगळा खर्च धरावा लागतो. शिवाय त्यात शिसं असतं. ते रोटॅक्सच्या ऑइल टाकीत आणि गिअरबॉक्समध्ये साचतं, त्यामुळे ऑइल बरंच लवकर बदलावं लागतं. इंजिनाची ऑर्डर देण्याआधी वर्षाला किती तास उडणार, तासाला किती लिटर लागणार आणि ते पिंप कुठे ठेवणार हे कागदावर लिहा, आणि किटच्या कंपनीला टाकीच्या सीलंटबद्दल ईमेल करून उत्तर लेखी मागा.