पानशेतचा पूर माहितीपटात पुन्हा उभा करताना

१२ जुलै १९६१ रोजी, बुधवारी सकाळी, आंबी नदीवर बांधले जात असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याच्या जलाशयात शिरले, तेथील जुने दगडी धरणही त्याच दिवशी फुटले आणि पुण्यात मुठेच्या दोन्ही काठांवरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. या दिवसाची छायाचित्रे पुष्कळ आहेत. मात्र घरात पाणी चढू लागले तेव्हा माणसांनी काय उचलले, काय टाकले, कोणाला हाक मारली, हे टिपायला तेथे कॅमेरा नव्हता. माहितीपट करणाऱ्याला नाट्यरूपांतराची, म्हणजे घडलेला प्रसंग नटांकडून पुन्हा उभा करण्याची, गरज भासते ती नेमकी या जागी, आणि माझ्या मते ती तेवढ्याच जागी भासावी. पुराचा लोंढा आपण उभा करू नये. तो छायाचित्रांत आहे, लकडी पुलावरून पाणी वाहिल्याचे सांगणाऱ्यांच्या आवाजात आहे. आपण उभी करायची ती एक खोली, एक जिना, फार तर एक अंगण.

काम पटकथेपासून नव्हे, साक्षींपासून सुरू करावे. त्या वेळी दहा वर्षांची असलेली व्यक्ती आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहे, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षावर टाकण्यासारखे नाही. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे, कारण चार जण एकत्र बसले की एकाची आठवण दुसऱ्याच्या तोंडी जाते आणि तासाभराने चौघांची मिळून एकच गोष्ट तयार होते. ‘तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ हा प्रश्न टाळावा. त्याचे उत्तर बहुधा वर्तमानपत्रांतून वाचलेल्या शब्दांत येते. ‘त्या क्षणी तुमच्या हातात काय होते?’, ‘चूल पेटलेली होती का?’, ‘जिना कोणत्या हाताला होता?’ असे विचारावे. एका आजींनी मला सांगितले होते, की त्यांच्या घरात पाणी आधी दारातून आलेच नाही, ते मोरीतून वर आले. स्वयंपाकघरातला पाट जमिनीवरून उचलला गेला, हळूहळू फिरला आणि भिंतीला टक्-टक् लागू लागला; तो आवाज ऐकून त्यांनी मागे वळून पाहिले. मोरी, पाट आणि तो आवाज एवढ्यावर एक संपूर्ण दृश्य उभे राहते, आणि त्यासाठी हजारो लिटर पाणी सोडावे लागत नाही.

साक्षी जमल्या की त्या कागदपत्रांशी ताडून पाहाव्यात. त्या काळची वर्तमानपत्रे, न्यायमूर्ती नाईक यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आणि शहरात काही इमारतींवर आजही दिसणाऱ्या पुराच्या पातळीच्या खुणा ही तीन साधने हाताशी ठेवावीत. पातळीची खूण फार उपयोगी पडते. ज्या गल्लीत पाणी पहिल्या मजल्यापर्यंत गेले, त्या गल्लीतल्या घरात ते गुडघाभर दाखवले तर जाणकार प्रेक्षकाचा पुढच्या प्रत्येक चौकटीवरचा विश्वास उडतो. आठवण आणि कागद जुळत नसतील, तर दोन्ही नोंदवून ठेवावे व दृश्यात आठवण घ्यायची असल्यास ती कोणाची आहे हे त्याच व्यक्तीच्या आवाजात ऐकू यावे. ‘असे घडले’ आणि ‘असे मला आठवते’ ही दोन वेगळी विधाने आहेत व पडद्यावरही ती वेगळीच राहिली पाहिजेत.

यानंतर काळाची जुळणी, आणि येथे मी थोडा अधिक वेळ थांबणार आहे, कारण बहुतेक चुका येथेच होतात. बुधवार कामाचा दिवस होता, तेव्हा घरातल्या पुरुषांची आणि शाळकरी मुलांची सकाळ कशी दाखवायची हे आधी ठरवावे. शहरात पूर दिवसाढवळ्या आला. वातावरण गडद करण्यासाठी तो रात्री आणणे ही उघड खोटी गोष्ट आहे. त्याच्या पुढची रात्र मात्र खरोखर काळोखी होती. वीज गेलेली होती आणि पंचांग पाहिले तर अमावस्या लागूनच होती, त्यामुळे त्या रात्रीच्या दृश्यात खिडकीतून निळसर चांदणे पाडण्याची सवय प्रकाशयोजनाकाराने सोडावी. कंदील, चिमणी आणि विजेरी एवढाच उजेड धरावा. रेडिओ घरोघरी नव्हता आणि जेथे होता तेथे बहुतेक विजेवर चालणारा, व्हॉल्व्हचा होता. म्हणजे वीज गेली की तोही मुका होतो. बातमी सांगणारा रेडिओ रात्रभर चालू ठेवणे पटकथेला सोयीचे असले, तरी घराला ते शक्य नव्हते. दूरदर्शनचा तर प्रश्नच नाही, कारण मुंबई केंद्र सुरू झाले ते १९७२ मध्ये.

नाण्यांवर त्या वेळी ‘नये पैसे’ असे असे. दशमान नाणी १९५७ मध्ये आली होती, पण माणसांच्या बोलण्यातून आणा गेला नव्हता. किलोग्रॅम नुकताच येत होता, म्हणून दुकानदाराच्या तोंडी शेर आणि किलो दोन्ही चालतील. न्हाणीघरात तांब्याचा बंब आणि घंगाळ, पाण्याला घागरी व कळशा, बादली पत्र्याची. ही शेवटची गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. आमच्या पहिल्या चित्रीकरणात कोपऱ्यात प्लॅस्टिकची निळी बादली राहून गेली होती. संकलनापर्यंत ती कोणाच्याही लक्षात आली नाही, आणि पहिल्याच खासगी खेळाला आलेल्या एका पूरग्रस्त काकांनी दुसरे काहीही न बोलता तीच दाखवली. तेव्हापासून प्रत्येक टेकच्या आधी मी एका माणसाला केवळ चौकटीचे चार कोपरे पाहण्यासाठी उभे करतो.

चित्रीकरणाची जागा नदीकाठी मिळेल या भरवशावर राहू नये. मुठेच्या पात्रालगत आता मेट्रोचे खांब आहेत आणि जुने वाडे फार थोडे उरले आहेत. एखाद्या लहान गावातला चौसोपी वाडा शोधावा किंवा दोन भिंतींचा सेट उभारावा. पाण्याच्या दृश्यासाठी सेटच्या भिंती बाहेरून ताडपत्रीने बांधून गुडघ्याच्या थोडे वर पाणी राहील असा हौद करावा. कॅमेरा खाली ठेवला की तेवढे पाणी कमरेपर्यंतचे वाटते. स्वच्छ पाणी चालत नाही. पावसाळ्यातली मुठा दाट चहाच्या रंगाची असते, म्हणून चाळलेली तांबडी माती आधी वेगळ्या पिंपात कालवून मगच मिसळावी, नाहीतर ती तळाशी बसते आणि दुसऱ्या टेकपर्यंत पाण्याचा रंग बदलतो. भिंतीवर कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूस खडूने वीतवीतभर अंतराच्या खुणा कराव्यात व प्रत्येक शॉटपुढे पाण्याची खूण लिहावी; कंटिन्युइटी, म्हणजे एका शॉटमधले तपशील पुढच्या शॉटशी जुळणे, याच्याइतकी दुसऱ्या कशाने सांभाळली जात नाही. पाण्याजवळचे दिवे कमी दाबाच्या बॅटरीवर चालणारेच असावेत. लहान मुलांना त्या गढूळ पाण्यात एका वेळी काही मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये आणि बाहेर येताच पाय धुण्यासाठी कोमट पाणी तयार असावे.

नटांना भीती ‘दाखवायला’ सांगू नये, काम द्यावे. गादीची वळकटी माळ्यावर टाकायची आहे, देव उचलायचे आहेत, म्हाताऱ्या सासूबाईंना जिना चढवायचा आहे आणि पाणी तिसऱ्या पायरीवर आहे, एवढे सांगितले की चेहऱ्यावर जे यायचे ते आपोआप येते. संवाद कमीत कमी ठेवावेत, कारण त्या क्षणी कोण नेमके काय बोलले याचा पुरावा आपल्याकडे नसतो. हाका, नावे, ‘वर चला’ एवढे पुरे. मृतदेह दाखवू नयेत. ज्यांची माणसे त्या दिवशी गेली, त्यांची मुले-नातवंडे याच शहरात राहतात आणि हा माहितीपट तेही पाहणार आहेत.

संकलनाच्या टेबलावर एक मोह नेहमी होतो: नवी दृश्ये कृष्णधवल करायची, त्यावर ओरखडे आणि धूळ टाकायची आणि खऱ्या जुन्या छायाचित्रांना ती बेमालूम जोडायची. हे कधीही करू नये. १९२० मध्ये रशियातल्या पेट्रोग्राडला, क्रांतीत हिवाळी राजवाड्यावर झालेल्या हल्ल्याचे भव्य नाट्य, हजारो लोकांना सोबत घेऊन, निकोलाय एवरेइनोव या नाट्यदिग्दर्शकाने प्रत्यक्ष त्याच चौकात सादर केले, आणि त्या प्रयोगाचे छायाचित्र पुढे कित्येक दशके १९१७ च्या क्रांतीचा खरा पुरावा म्हणून पुस्तकांतून छापले गेले. फसवण्याचा हेतू नसतानाही चित्र आपल्या मथळ्यापासून असे सुटते. म्हणून जुनी छायाचित्रे कृष्णधवल आणि आपली दृश्ये रंगीत, अशी सरळ सीमा ठेवावी, आणि प्रत्येक दृश्याच्या कोपऱ्यात, केवळ सुरुवातीच्या पाटीवर नव्हे, ‘नाट्यरूपांतर’ हा शब्द वाचता येईल इतका वेळ राहू द्यावा.

कच्चे संकलन झाले की ज्यांच्या साक्षीवरून दृश्य केले त्यांना ते प्रथम, त्यांच्या घरी जाऊन, एकट्याने दाखवावे. ते मध्येच थांबवा म्हणाले तर थांबवावे. दुरुस्ती सुचवली तर ती लिहून घ्यावी, पुन्हा चित्रित करणे परवडत नसेल तर ते दृश्य काढून त्यांचा आवाज ठेवावा. शेवटी, संग्रहासाठी जपायच्या प्रत्येक फाइलच्या नावातच ‘नाट्यरूपांतर’ हा शब्द, चित्रीकरणाचे वर्ष आणि ज्या साक्षीवर ते आधारले आहे तिचा क्रमांक घालावा, आणि प्रसिद्धीसाठी दिल्या जाणाऱ्या स्थिरचित्रांवर तोच मजकूर चित्राच्या आत, कापून टाकता येणार नाही अशा जागी छापावा.